इस्राएल पुन्हा घसरलं

आमच्या घरी पाप हा विषय शुक्रवारी संध्याकाळी निघायचा, आणि तो निघाला की जेवण गार व्हायचं. आईने दिवे लावलेले असायचे, टेबलावर काळ्या मनुकांचं शरबत, कापडाखाली झाकलेला पाव, नारळाच्या दुधातली मच्छीकढी झाकणाखाली वाफ धरून बसलेली, आणि बाबा आशीर्वाद म्हणून झाले की खुर्चीत मागे रेलून, जणू आत्ताच कुठूनतरी बातमी आली आहे अशा आवाजात सांगायचे, “इस्राएल पुन्हा घसरलं.” मी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मला खात्री होती की इस्राएल हा आमच्याच रस्त्यावर राहणारा कुणी म्हातारा आहे आणि तो दर आठवड्याला बर्फावरून पडतो. मला त्याची दया यायची. एकदा मी विचारलंही, “बाबा, त्याला काठी का नाही देत?” बाबा इतके हसले की शरबत त्यांच्या नाकात गेलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की इस्राएल म्हणजे आपले पूर्वज, सगळेच्या सगळे, आणि ते बर्फावरून नाही, देवाच्या नजरेतून घसरायचे. देवाने मिसरमधल्या गुलामीतून सोडवलं, घसरले. समुद्र दुभंगून दिला, पलीकडे पोचून अंग वाळतंय न वाळतंय तोच कुरकुरले. आकाशातून अन्न पाडलं, तर म्हणाले, आम्हाला तिकडची काकडी आणि लसूण आठवते. शेजारच्यांचे देव दिसले की हे निघाले तिकडे. मग संकट, मग रडारड, मग कुणीतरी सोडवणारा, मग चार दिवस बरे, आणि पुन्हा. बाबा हे सगळं बोटांवर मोजायचे, आणि बोटं संपली की आई म्हणायची, “अहो, माशांनी काय पाप केलंय? वाढू का आता?”

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबांचं घराणं अलिबागकडचं, तेल गाळणारं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेलीच नाव दिलेलं. तिथून बाबा इंग्लंडमध्ये वॉटफर्डला कसे आले, ही वेगळी लांबण आहे. मला आठवतात तेव्हापासून ते एका छापखान्यात मशीनवर होते. तिथल्या लोकांना शालोम हे त्यांचं नाव म्हणता येत नसे म्हणून ‘सोल’ म्हणत. घरी येताना त्यांच्या कपड्यांना शाईचा आणि थिनरचा वास असे आणि ते बराच वेळ काहीच बोलत नसत. मशीनच्या आवाजात दिवसभर कुणाशी बोलता येत नाही, आणि जिथे बोलता येतं तिथे सोलला कुणी काही विचारत नाही, हे मला फार पुढे कळलं. आई हॉस्पिटलात नर्स. मी एकुलती एक, नाव दीना. शाळेत मी इंग्रजी, घरी मराठी. पण मराठीतली लिंगं मला कधीच हाती लागली नाहीत. मी “तो पोळी” आणि “ती भात” म्हणायची. आजही घाईत असले की माझी नात मला दुरुस्त करते, आणि तिला स्वतःला धड वाक्य बोलता येत नाही.

महिन्यातून एका रविवारी दुपारी आमच्या लोकांची सभा भरायची. वॉटफर्ड आणि आसपासची दहा-बारा घरं. जागा म्हणजे स्काऊट्सचा भाड्याचा हॉल: भिंतीवर राणीचा फोटो, त्याशेजारी निरनिराळ्या गाठींचा तक्ता, आणि कोपऱ्यात ओल्या तंबूंचा कायमचा वास. मोजेस अंकल हे आमचे अध्यक्ष. निवृत्त पोस्टमास्तर, तीन तुकड्यांचा सूट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिक्का मारल्यासारखी मान हलवायची सवय. आधी प्रार्थना, मग सूचना, मग बाबांचं कीर्तन, मग खाणं. कीर्तन ऐकून आमच्या हिंदू मैत्रिणी चकित व्हायच्या, पण आमच्यात ते पूर्वापार आहे. झांजा, पेटी, ओव्या, सगळं तेच, फक्त कथा आमच्या शास्त्रातल्या. पेटीवर मी. आणि उभे बाबा. छापखान्यातला सोल त्या हॉलच्या दारात कोट काढायचा आणि कोटाबरोबर तिथेच खुंटीवर राहायचा. आत येणारा माणूस दुसराच असे. आवाज असा की गाठींचा तक्ता थरथरावा. बआल या परक्या देवाच्या पुजाऱ्यांची टर उडवताना ते असे काही खिदळायचे की आँटी लोक पदर तोंडात धरत. श्रीमंत, आळशी बायकांना संदेष्ट्याने गायी म्हटलं तो भाग आला की बाबा हॉलमध्ये उगाच एक सावकाश नजर फिरवायचे, आणि चार-पाच जणी खुर्चीत सावरून बसायच्या.

एक गोष्ट कबूल करते. त्या हॉलमध्ये पुण्य ऐकायला कुणीच येत नसे. चांगल्या राजांच्या कथेला खोकले निघायचे, कुणी कारची किल्ली शोधायचं. पण इस्राएल घसरू लागलं की हॉल एकदम शांत. मूर्ती, मेजवान्या, परक्या बायका, दारू, नाच. आमचे थोर-मोठे माना पुढे काढून बसायचे. बाबा ते पापाचं वर्णन इतकं चवीने करायचे की पेटी वाजवताना मला भूक लागायची. आणि खाणं होतंही तसंच. ते करायची लिलीमावशी.

लिलीमावशी आईची जवळची मैत्रीण, तिच्याच वॉर्डातली. तिचा नवरा तरुणपणीच गेला. एकटी, मूलबाळ नाही, जोरात हसणारी, आणि तिच्यासारखा मलीदा मी नंतर कुठेच खाल्ला नाही. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम, वर केळं आणि सफरचंदाच्या फोडी. पोहे मऊ पण एकेक सुटा. आमच्यात मलीदा म्हणजे नुसतं गोड नाही. नवस फेडताना, आनंदाच्या वेळी, एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन तो वाटतात. ज्याच्या घरचा मलीदा, त्याच्या घराला मान. मला पेटी शिकवली तीही लिलीमावशीनेच. आणि आमच्या घरी टीव्ही नव्हता, कारण बाबांच्या मते टीव्ही म्हणजे बोलणारी मूर्ती. म्हणून शनिवारी आईची ड्यूटी असली की मी पेटीच्या नावाखाली लिलीमावशीकडे जाऊन त्या मूर्तीची यथेच्छ सेवा करायची.

तर एका हिवाळ्यात लिलीमावशीचा बॉयलर बिघडला. तो दुरुस्त करायला कॉलिन नावाचा गॅसवाला आला. चार वेळा आला. पाचव्या वेळी बॉयलर चांगला होता, तरी आला. वसंत ऋतू येईपर्यंत त्याचे बूट तिच्या दाराशी कायमचे होते. कॉलिन उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला मराठीतला एकच शब्द येत होता, “बास”, आणि तो तो जेवताना कधीच वापरत नसे. मला तो आवडायचा. आईलाही. हॉलमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली. विधवा बाई, इंग्रज माणूस, लग्न नाही, धर्म नाही. आँटी लोक तिच्याकडून मलीद्याचं ताट घ्यायच्या आणि ताटाआडून तिच्याकडे बघायच्या.

त्या महिन्यात बाबांनी कीर्तनाला विषय घेतला तो रानात भरकटलेल्या लोकांचा: मवाबी बायकांच्या मागे लागून त्यांच्या देवांपुढे जेवायला बसलेले इस्राएल. इथवर ठीक होतं. पण हॉल फारच रंगात आला होता आणि बाबांना हॉल रंगलेला सोसत नसे, त्यांना तो आणखी रंगवायचा असे. ते थांबले. आवाज खाली आणला. म्हणाले, “तेव्हा पुरुष गेले परक्या बायकांकडे. आता बाया घरात घेतात. पाणी तापवायच्या निमित्ताने.”

सगळ्या माना एकाच दिशेने वळल्या. कुणीतरी हसलं. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली, भाता अर्धा उघडा. लिलीमावशी उठली. तिने घाई केली नाही. मागच्या टेबलावरून आपलं पातेलं उचललं, त्यावर झाकण नीट बसवलं, आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेली. दार तिने हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं. आई तिच्यामागे धावली. बाबांनी झांजा पुन्हा उचलल्या आणि मला खूण केली, वाजव. आणि मी वाजवलं. मी चौदा वर्षांची होते, बाप समोर उभा होता, हे सगळं खरं. तरी मी वाजवलं, हे लिहून ठेवते.

त्या दिवशी मलीदा नव्हता. पुढच्या महिन्यात मोजेस आँटींनी केला. तो चमच्याला चिकटायचा आणि चमचा दाताला.

मी लिलीमावशीकडे जायचं सोडलं नाही. तिने त्या रविवारचा विषय काढला नाही, मीही नाही. अशाच एका शनिवारी, दिवेलागणीनंतर, मी, ती आणि कॉलिन टीव्हीसमोर टोस्ट खात बसलो होतो. बातम्यांमध्ये फुटबॉल चालू होतं, आमच्याच गावच्या क्लबची मॅच, आणि कॉलिन पुढे सरकून बघत होता. गोल झाला. कॅमेरा गर्दीवर गेला. पिवळे शर्ट, पिवळ्या टोप्या, सगळे उड्या मारताहेत, आणि सगळे मिळून ती त्यांची चाल गाताहेत, तीन सूर चढते, दोन उतरते, मग टाळ्या. आणि पडद्याच्या बरोबर मधोमध, गळ्यात पिवळा मफलर, दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आमचे बाबा.

माझा टोस्ट खाली पडला. शनिवारी दुपारी बाबा कुठे जातात हे सगळ्या वॉटफर्डला माहीत होतं: एलायजा अंकलकडे. एलायजा अंकल आजारी, एकटे, सभेला कधीच न येणारे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, आजाऱ्याला भेटणं हे मोठं पुण्य. बाबा दोन वाजता घर सोडायचे, चालत, कारण शब्बाथला गाडी नाही, आणि काळोख पडल्यावर परत यायचे, घसा बसलेला. एलायजा अंकलना ऐकू कमी येतं म्हणून, असं सांगायचे.

“दॅट्स युअर डॅड,” कॉलिन म्हणाला. “ही सिट्स जस्ट बिहाइंड मी, समटाइम्स. लव्हली चॅप. डझंट हाफ शाउट.” म्हणजे, काय ओरडतो!

लिलीमावशीने पहिल्यांदा तोंडावर हात ठेवला. मग तिला हसू आलं, ते आवरेना, ती सोफ्यावर आडवी झाली, डोळ्यांतून पाणी. मी मात्र चिडले होते. मी म्हणाले, “मावशी, मी सांगणार. रविवारी, सगळ्यांसमोर. त्यांनी तुला—”

ती एकदम उठून बसली. “नाही सांगायचं.”

“पण त्यांनी तुला तिथे सगळ्यांसमोर—”

“मला बोलले, तुला नाही. दीना, शपथ घे. कुणाला एक शब्द बोलणार नाहीस.” आणि मग, टोस्ट उचलून देताना, “किती दिवसांनी बघितलं मी शालोमभाऊंना एवढं खूश. त्या हॉलमध्ये सुद्धा नसतात.”

मी शपथ घेतली. एक शब्द बोलणार नाही. 

पुढच्या सभेच्या आधी मोजेस अंकल आमच्या घरी आले. त्यांनी एक ठराव लिहून आणला होता, चांगल्या जाड कागदावर. जे घर वाट सोडून गेलं आहे त्या घरचा मलीदा सभेत येणार नाही, आणि सभेच्या मलीद्याला त्या घराला बोलावणं जाणार नाही. नाव लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. अंकल म्हणाले, “शालोम, आधी तुझं कीर्तन. सोन्याचं वासरू घे. लोकांची मनं तयार झाली की मी ठराव मांडतो.” मान हलली, शिक्का बसला. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, ती जरा जास्तच आवाज करून घासू लागली. बाबांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, “बरं.”

त्या रविवारी हॉल भरून गेला होता. वर्षभर न फिरकलेली माणसंही आली होती. कुणाला तरी बाहेर काढणार म्हटल्यावर लोक येतात. बाबा उभे राहिले आणि, मला मान्य करायलाच हवं, इतकं सुंदर कीर्तन त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मोशे डोंगरावर गेलाय. चाळीस दिवस झाले. खाली लोकांचा धीर सुटलाय. ते त्याच्या भावाकडे, अहरोनकडे येतात: आम्हाला देव करून दे, दिसेल असा, हात लावता येईल असा. अहरोन म्हणतो, आणा कानातलं. बाबांनी बायकांच्या कानांतून कुड्या काढल्याचं असं दाखवलं की पुढच्या रांगेतल्या एकीने खरंच कानाला हात लावला. वासरू उभं राहिलं. नाच सुरू झाला. पेटी मी द्रुत घेतली. मोशे खाली उतरतो, देवाने दिलेल्या आज्ञांच्या पाट्या फोडतो, भावाला धरतो: हे काय केलंस?

“आणि अहरोन काय म्हणतो?” बाबा गरजले. “अहरोन, याजक, शहाणा, देवाचा माणूस! तो म्हणतो, स्वामी, मी नुसतं सोनं आगीत टाकलं, आणि हे वासरू आपोआप बाहेर आलं!” हॉल खदखदून हसला. बाबांनी हसू शमू दिलं, मग बोट उचललं. “मंडळी, पाप करणारा एक वेळ सुटेल. पण पाप करून वर साळसूद गोष्ट रचणारा? लोकांना एक सांगून भलतीकडे जाणारा?”

मी ठरवून काही केलं नाही. आजवर कुणी हे खरं मानलेलं नाही, पण बोटांनीच केलं. तीन सूर चढते, दोन उतरते. आणि मग पेटीच्या लाकडावर तळव्याने टाळ्यांचा ठेका.

बाबांचं बोट हवेतच राहिलं. हॉलमधल्या बहुतेकांना वाटलं मी चुकले. मी पुन्हा वाजवलं, सावकाश. बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता ओलांडताना अचानक हॉर्न ऐकू आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. त्यांनी झांजा खाली ठेवल्या. पाणी मागितलं. पेला पूर्ण प्यायले. एवढ्या लोकांत त्यांच्या घशाचा आवाज मला ऐकू येत होता.

मग ते साध्या आवाजात बोलले, छापखान्यातल्या. “माझ्या मुलीला माहीत आहे. तुम्हाला पण माहीत असू दे. मी शनिवारी एलायजांकडे जात नाही. मी मॅचला जातो.”

मोजेस अंकलांची मान अर्ध्यावर थांबली.

“शब्बाथला?” मोजेस अंकल म्हणाले.

“दर शब्बाथला. होम गेम असला तर.”

मागच्या रांगेतून कुणाचा तरी आवाज आला, “कुठल्या स्टँडला?” आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं ते सगळ्यांनी ऐकलं.

“अध्यक्ष,” बाबा म्हणाले, “तुमच्या ठरावात नाव नाही. माझं घाला. मी लग्नाची बायको घरात ठेवून, देवाच्या दिवशी, आजारी माणसाचं नाव सांगून जातो. लिलीबाई कुणाचं नाव सांगून काही करत नाहीत. दार उघडं ठेवून राहतात. माझं नाव आधी घाला, मग त्यांचं बघू.”

मोजेस अंकलांनी जाड कागद उघडला, मिटला. आणि मग जे झालं त्याला पश्चात्ताप म्हणायचं की हिशोबीपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. एक आँटी उठून म्हणाली की शब्बाथ मोडणाऱ्यांचं घर जर वाट सोडलेलं, तर शनिवारी तिचं दुकान उघडं असतं त्याचं काय? दुसरे कुणी म्हणाले, माझी तर शिफ्टच शनिवारी. तिसऱ्याचा मुलगा इंग्रज मुलीबरोबर मँचेस्टरला राहत होता, तो आपले बूट बघत बसला. ठराव लावला असता तर मलीदा खायला मोजेस अंकल आणि आँटी उरले असते, आणि तो आँटींचाच मलीदा. ठराव मागे घेतला गेला. कुणी लिलीमावशीचं नाव घेतलं नाही, कुणी चुकलं असं म्हणालं नाही. आमची माणसं खुर्च्या रचायला उठली.

शेवटी मोजेस अंकल बाबांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून कीर्तन राहू दे, शालोम.” बाबांनी मान हलवली आणि कोट घातला.

 घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आईला विचारलं, “तुला धक्का नाही बसला?”

“कसला?” आई म्हणाली. “एलायजा अंकल दोन वर्षांपूर्वी बरे होऊन लेस्टरला मुलाकडे राहायला गेले. डिस्चार्ज माझ्याच वॉर्डातून झाला.”

“मग तू बोलली का नाहीस?”

तिने भाताचं झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं. “आठवडाभर त्या मशीनपुढे तोंड मिटून उभा राहतो माणूस. कुठेतरी ओरडायला नको? हॉलमध्ये महिन्यातून एकदा, ते पुरत नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू जे केलंस ते लिलीसाठी केलंस. चांगलं केलंस. पण आता ते ओरडणार कुठे, तेही बघ.”

हे मला अजून टोचतं. बाबा मॅचला जायचे थांबले. कीर्तन तर बंदच झालं. शुक्रवारी ते आशीर्वाद म्हणायचे आणि लगेच ताट पुढे ओढायचे. कढी आता गरम मिळायची आणि मला ती गिळवत नसे. अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी, सकाळी, अंड्याचं कवच सोलताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिसरा सूर कोमल लागतो. तू शुद्ध लावलास.” आणि मग, “संध्याकाळी लिलीबाईंकडे जायचंय. चल माझ्याबरोबर. एकट्याला जमणार नाही.”

कॉलिनने दार उघडलं. “ऑल राइट, सोल,” म्हणाला आणि बाजूला झाला. आतून मसाल्याचा वास येत होता. लिलीमावशी हात पुसत बाहेर आली. बाबांनी रस्ताभर पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, “लिलीबाई, मी त्या दिवशी जे बोललो ते माझ्या तोंडी—” आणि त्यांना पुढचं आठवेना. ज्या माणसाला तास दीड तास तोंडपाठ म्हणता येत होतं, तो तिथे पायपुसण्यावर उभा राहून बोटं एकमेकांत गुंतवत होता.

“मला हॉलमध्ये सगळ्यांनी माफ केलं म्हणे,” लिलीमावशी म्हणाली. “निरोप आला. पुढच्या महिन्यात मलीदा घेऊन या, असाही आला.”

“तुम्ही याल?”

“नाही.” तिने ते अगदी सहज म्हटलं. “मला तिथे आता चव लागणार नाही, शालोमभाऊ. पण तुम्ही आत या. बाहेर थंडी आहे.”

बाबा आत आले. त्या घरात ते पहिल्यांदाच बसत होते. कॉलिनने त्यांना आगीजवळची खुर्ची दिली. लिलीमावशीने टेबल मांडलं: भाकरी, आणि मोठ्या वाडग्यात मटण, हिरवा मसाला, वर तेलाचा तवंग. तिने बाबांना विचारलं नाही, सरळ वाटीत वाढलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा बाहेर कुठेही मटणाला हात लावत नसत. ते कोशर, म्हणजे आमच्या शास्त्राला धरून आहे का, खाटीक कोण, जनावर कसं कापलं, भांडं कसलं, हे पाहिल्याशिवाय सख्ख्या भावाकडेही जेवले नव्हते. आणि इथे तर कॉलिन राहत होता. दुपारी त्या टेबलावर काय असतं देव जाणे. लिलीमावशी समोर उभी होती, हातात पळी, त्यांच्याकडे बघत.

बाबांनी पाव मिनिट वाटीकडे पाहिलं. ओठांत काहीतरी पुटपुटले. मग भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. दुसरा घास घेतला, मटणाच्या फोडीसकट. कपाळावर घाम आला होता. तिखटाचा म्हणू या. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती पुढे केली. लिलीमावशीने पुन्हा वाढलं, तीही संपली.

तेव्हा ती खुर्ची ओढून बसली. “कोशर आहे,” म्हणाली. “कॉलिन दर गुरुवारी गोल्डर्स ग्रीनला आपल्या खाटकाकडे जातो आणायला. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. माझा नवरा गेल्यापासून एक दिवस मोडलेलं नाही.”

बाबांचा हात ताटावर थांबला. “मग आधी का नाही सांगितलंत?”

“विचारता का ते बघत होते.”

बाबांनी मान खाली घातली.  कॉलिन एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. शेवटी त्याने भाकरीची टोपली उचलली आणि बाबांपुढे धरली, आणि बाबांनी, डोळे पुसायला न थांबता, आणखी एक घेतली.